पातिव्रत्यावर हक्क कुणाचा? : अभिजात कोरियन कथेतील निषिद्ध प्रेम आणि समाजश्रेणी

तौलनिक साहित्याच्या निमित्ताने पदव्युत्तर वर्गात अधूनमधून पूर्व आशियाई कथावाङ्मयाचा विषय निघतो. अशाच एका तासाला मी छुनह्यांगची कथा सांगितली आणि शेवटी, अध्यापकाच्या सवयीने, एक तयार निष्कर्षही देऊन टाकला: ‘प्रेमाने समाजश्रेणीवर मिळविलेला विजय’. तास संपता संपता एका विद्यार्थिनीने विचारले, “तिने त्या मुलाची वाट पाहिली नसती, तर तिच्यावर झालेला जुलूम हा जुलूम ठरला नसता का?” घंटा झाली म्हणून मी सुटलो. परंतु प्रश्न सुटला नाही. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे. ते देताना माझा आधीचा निष्कर्ष मला मागे घ्यावा लागत आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

आपण मराठी वाचक ह्या कथांपर्यंत बहुधा इंग्रजी अनुवादांच्या वाटेने पोहोचतो, आणि त्या वाटेवर दोन मोह दबा धरून बसलेले असतात. पहिला मोह स्वच्छंदतावादी वाचनाचा. प्रेम म्हणजे व्यक्तीचे बंड, समाज म्हणजे भिंत आणि कथा म्हणजे त्या दोहोंची टक्कर, असे समीकरण आपण सहज मांडतो. दुसरा मोह साम्यशोधाचा. कोरियातील उच्चकुलीन यांगबान म्हणजे आपले अमुक आणि तेथील हीन मानले गेलेले चॉनमिन म्हणजे आपले तमुक, असा तक्ता केला की प्रबंधाचे एक प्रकरण तयार होते. ह्या दोन्ही मोहांमुळे कथेत जे खरोखर पणाला लागलेले असते तेच निसटते, असे माझे मत आहे. ह्या कथांतील स्त्रिया व्यवस्थेबाहेर पळून जाऊ इच्छीत नाहीत. व्यवस्थेने आपल्याला माणसांत मोजावे, असे त्या म्हणतात. ही मागणी बंडापेक्षा लहान आहे की मोठी, हा खरा विवाद्य प्रश्न होय.

१

प्रथम चौकट पाहू. १३९२ साली स्थापन झालेल्या जोसॉन राजवटीत समाजाची उतरंड स्थूलमानाने चार पायऱ्यांची होती. वर यांगबान, म्हणजे राजसेवेतील पदे भूषविणारी विद्वत्कुळे. त्याखाली जुंगइन, म्हणजे दुभाषे, वैद्य, हिशेबनीस असा तंत्रज्ञ वर्ग. त्याखाली शेतकरी आणि कारागीर ह्यांचा सामान्य प्रजावर्ग, आणि तळाशी चॉनमिन. दास, नर्तकी-गायिका असलेल्या किसेंग, शामन आणि खाटीककाम करणारे बॅकजोंग ह्यांची गणना ह्या शेवटच्या पायरीत होत असे. किसेंग कितीही सुशिक्षित असली, तिला काव्य, संगीत, सुलेखन अवगत असले, तरी तिचे नाव सरकारी दफ्तरात दासीप्रमाणेच नोंदलेले असे. आईचा दर्जा मुलीकडे जाई. म्हणजे किसेंगच्या पोटी आलेली मुलगी पाळण्यातच किसेंग होई.

१४८५ साली अमलात आलेल्या ‘ग्यॉंगगुक देजॉन’ ह्या विधिसंहितेतील दोन निर्बंध आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. उपस्त्रीच्या पोटी आलेल्या मुलांना नागरी सेवेच्या राजपरीक्षेला बसता येत नसे, आणि पुनर्विवाह केलेल्या स्त्रीच्या मुलांनाही ते दार बंद असे. पहिल्या निर्बंधाची वेदना हॉ ग्युन (१५६९–१६१८) ह्याच्या नावावर परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या ‘होंग गिल-दोंग’ ह्या कथेत आहे. बापाला बाप म्हणण्याची ज्याला मुभा नाही असा मुलगा तिचा नायक आहे. दुसरा निर्बंध अधिक सूक्ष्म होता. विधवेने पुन्हा लग्न केले तर शिक्षा तिला होत नसे, तिच्या मुलांना होत असे. स्त्रीची एकनिष्ठा हा अशा रीतीने कुळाच्या राजकीय भांडवलाचा भाग झाला.

ह्याचा अर्थ असा की पातिव्रत्य हा तेथे केवळ नैतिक गुण नव्हता. तो एक दर्जा होता. वरच्या कुळांतील स्त्रियांकडून तो सक्तीने अपेक्षिला जाई आणि खालच्या स्त्रियांना तो असू शकतो हेच मुळी मान्य नसे. ही गोष्ट ध्यानात घेतली नाही, तर पुढील कथा केवळ करुणरम्य वाटतील.

२

सतराव्या शतकातील ‘उन्यॉंगजॉन’ ही अज्ञातकर्तृक कथा अभिजात चिनी भाषेत लिहिलेली आहे. निवेदनाची चौकट अशी: यू यॉंग नावाचा एक दरिद्री पंडित जपानी आक्रमणानंतर, १६०१ च्या वसंतात, सोलमधील सुसॉंग महालाच्या भग्नावशेषांत एकटाच मद्य पिऊन झोपी जातो. जाग येते तेव्हा एक तरुण आणि एक तरुणी समोर बसलेली दिसतात. ती दोघे आपली दीडशे वर्षांपूर्वीची कहाणी त्याला सांगतात. महालाचा धनी राजपुत्र आनप्यॉंग (१४१८–१४५३) हा इतिहासप्रसिद्ध सुलेखनकार. सख्ख्या भावाच्या सत्तालोभापायी पुढे त्याला प्राणास मुकावे लागले. म्हणजे कथेतील प्रेमिक मेलेले, त्यांचा धनी मेलेला आणि महालही पडलेला. सत्तेचा मागमूस उरलेला नाही, तरी तिने केलेली जखम मात्र अजून बोलते आहे.

ह्या राजपुत्राने दहा दासींना निवडून काव्य शिकविले. देवाने प्रतिभा वाटताना पुरुषांनाच झुकते माप कशाला द्यावे, असा त्याचा उदार विचार होता. मात्र त्याच तोंडाने त्याने आज्ञा दिली की, दासीने महालाचा उंबरठा ओलांडला तर तिला मृत्युदंड, आणि बाहेरच्या पुरुषाला तिचे नाव कळले तरी मृत्युदंड. ज्या हाताने लेखणी दिली त्याच हाताने दार लावले. उन्यॉंग आणि तरुण पंडित किम ह्यांच्या प्रेमाचा आरंभही लेखणीनेच होतो. तो कविता लिहीत असताना शाईचा एक थेंब उडून तिच्या बोटावर पडतो. पुढे तिच्याच एका कवितेतील विरहाची छटा राजपुत्र अचूक ओळखतो. ज्याने वाचायला शिकविले तोच तिच्या ओळींतून तिचा गुन्हा वाचतो. काव्यशिक्षणातून व्यक्तित्व फुलते असे आपण म्हणतो. येथे फुललेले व्यक्तित्व मालकाच्याच दफ्तरात पुरावा म्हणून दाखल होते.

कथेचा कळस मला प्रेमिकांच्या भेटीत दिसत नाही. तो पकडल्या गेलेल्या दासींनी दिलेल्या लेखी जबान्यांत आहे. मृत्यू समोर दिसत असताना त्यांतील उनसॉम म्हणते की, स्त्री-पुरुषांची ओढ ही यिन आणि यांग ह्या सृष्टितत्त्वांतून आलेली आहे आणि तिला उच्चनीच ठाऊक नाही. ज्या कन्फ्यूशियन विश्वविचारावर सारी उतरंड उभी होती, त्याच विचाराच्या शब्दांत एक दासी त्या उतरंडीला उत्तर देते. तिची भाषा उसनी आहे, पण तीतून उभा केलेला दावा तिचा स्वतःचा आहे. राजपुत्र थोडा विरघळतो आणि उन्यॉंगला ठार न मारता कोंडून ठेवतो. त्याच रात्री ती गळफास घेते. किम तिच्यासाठी बौद्ध विधी करवून अन्नत्याग करतो आणि मरतो. दोघांची कहाणी ऐकलेला यू यॉंगही पुढे खाणेपिणे सोडून डोंगरांत निघून जातो, तो कोठे गेला हे कुणालाच कळत नाही. ह्या शेवटात कुणाचाही विजय नाही. पण ‘उच्चनीच नाही’ हे वाक्य एकदा उच्चारले गेले आणि लिहिले गेले, एवढे खरे.

३

‘उन्यॉंगजॉन’मध्ये मना करणारा धनी तरी डोळ्यांना दिसतो. यी ओक (१७६०–१८१५) ह्याच्या ‘सिम-सेंग’ ह्या छोट्या चरित्रकथेत तो दिसतच नाही, म्हणून मला ती अधिक भयंकर वाटते. सिम हा सोलमधला यांगबान तरुण. रस्त्यात मोलकरणीच्या पाठीवर बसून, जांभळे वस्त्र पांघरून चाललेली एक मुलगी त्याच्या दृष्टीस पडते. ती अर्थखात्यातील एका निवृत्त हिशेबनिसाची एकुलती एक लेक, म्हणजे जुंगइन वर्गातली. घर खाऊनपिऊन सुखी. रात्री ती हलक्या आवाजात देशी लिपीतल्या कादंबऱ्या वाचते. अभिजात चिनी भाषेत लिहिलेल्या ह्या कथेची नायिका स्वतः वाचते ती मात्र लोकभाषेतील कथा. साहित्यव्यवहारातील वर्गभेदाचे याहून बोलके चित्र क्वचितच सापडेल.

सिम रात्रीमागून रात्री भिंत चढून तिच्या खोलीबाहेर बसून राहतो. एकदा ती मुद्दाम खडखडाट करून दाराला भले मोठे कुलूप लावते. तरी तो येतच राहतो. अखेर ती आईवडिलांना जागे करून सारे सांगते, त्यांची समजूत घालते आणि त्याचा स्वीकार करते. येथवर वाचकाला वाटते की भिंत ओलांडली गेली. मुलाच्या घरी संशय येतो आणि त्याला अभ्यासासाठी डोंगरावरील मठात धाडले जाते. कुणी आरडाओरडा करीत नाही की मारझोड करीत नाही. तोही मुकाट्याने जातो. काही दिवसांनी तिचे पत्र येते, आणि ते मरणापूर्वीचे असते.

त्या पत्रात तिने आपल्या मनाला लागून राहिलेल्या तीन खंती लिहिल्या आहेत. एकुलती एक लेक असून आपण आईबापांच्या म्हातारपणाला उपयोगी पडलो नाही, ही पहिली. सून म्हणून सासूसासऱ्यांची सेवा आपल्या हातून घडली नाही, ही दुसरी. आणि पती म्हणावा अशा माणसाला एक वाडगा भात वाढणे वा एक वस्त्र शिवून देणे आपल्याला जमले नाही, ही तिसरी. हे पत्र विद्यार्थ्यांना प्रथम वाचनात निराश करते. ‘एवढेच?’ असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर उमटतो. ज्या मुलीने स्वतः कुलूप लावले आणि स्वतः दार उघडले, तिने मरताना भात-कपड्यांची खंत करावी? परंतु नीट पाहिले तर ह्या खंतीत केवढा आरोप भरला आहे हे कळते. लेक, सून, पत्नी ही समाजाने स्त्रीला दिलेली तीनच पदे. त्यांपैकी एकही तुम्ही मला लाभू दिले नाही, असे ती म्हणते. प्रेम तिला मिळाले होते, पण पद मिळाले नाही. पदावाचून मिळालेले प्रेम माणसाला कसे नाहीसे करून टाकते, हे ह्या पत्राइतके शांतपणे फार थोड्या ठिकाणी सांगितले गेले असेल.

पत्र वाचून सिम पुस्तके मिटतो, लष्करी सेवेकडे वळतो आणि तरुणपणीच मरतो. कथेच्या शेवटी यी ओक सांगतो की, ही हकीकत त्याने बालपणी गावच्या शाळेत गुरुजींच्या तोंडून ऐकली. गुरुजींचा उद्देश असा की, मुलांनी त्या रंगेल तरुणाचे अनुकरण करू नये, मात्र त्याची चिकाटी घ्यावी; इतकी चिकाटी अभ्यासात लावली तर काय साध्य होणार नाही! मुलगी मेली आणि मुलांना मिळाला तो परीक्षेत यशस्वी होण्याचा धडा. यी ओकने ह्यावर स्वतःचे भाष्य केलेले नाही. स्वतःच्या गद्यशैलीतील कथित अशिष्टपणाबद्दल राजा जॉंगजोचा रोष ओढवून घेतलेल्या ह्या लेखकाला गुरुजींच्या तात्पर्यातील उपरोध जाणवला नसेल, असे मात्र मला वाटत नाही. तो उपरोध आपल्यालाही लागू आहे. आपणही तात्पर्ये वाटणारेच.

४

आता छुनह्यांगकडे वळू. ही कथा मुळात पानसोरीची. एक गायक आणि एक ढोलवादक एवढ्यांनी तासन् तास रंगविण्याची ही कथनकला. ह्या कथेचे १७५४ साली यू जिन-हान ह्याने केलेले चिनी पद्यरूप उपलब्ध आहे. पुढे सोल आणि जॉन्जू येथे लाकडी ठशांवरून छापलेल्या देशी लिपीतील आवृत्त्या निघाल्या, आणि एकोणिसाव्या शतकात शिन जे-ह्यो (१८१२–१८८४) ह्याने गायकांच्या पाठांची नवी मांडणी केली. म्हणजे ‘छुनह्यांग’ ही एक संहिता नसून पाठांचा समुदाय आहे. एकाच अनुवादावर विसंबून तिच्याविषयी विधान करणे पाठचिकित्सेच्या परंपरेत वाढलेल्या मराठी अभ्यासकाला शोभणारे नाही.

कथा सर्वपरिचित आहे. नामवॉन गावी, पाचव्या महिन्यातील दानो सणाच्या दिवशी, निवृत्त किसेंग वोल-मे हिची मुलगी छुनह्यांग झोक्यावर झुलत असताना स्थानिक अधिकाऱ्याचा मुलगा मोंगन्योंग तिला पाहतो. दोघांचे गुप्तपणे लग्न लागते. बापाची राजधानीला बदली होताच तो तिला मागे ठेवून जातो. नवा अधिकारी व्यॉन हाक-दो तिला सेवेला बोलावतो, ती नकार देते, फटके खाते आणि तुरुंगात पडते. मोंगन्योंग राजपरीक्षेत पहिला येतो आणि राजाचा गुप्त निरीक्षक होऊन भिकाऱ्याच्या वेषात परततो. अधिकाऱ्याच्या वाढदिवसाच्या मेजवानीत तो प्रकट होतो आणि तिला सोडवितो. राजा तिला पतिव्रतेची पदवी देतो.

ह्या सुखान्तामुळे आपल्याकडील वाचकाला ‘मृच्छकटिक’ आठवते. देवलांच्या नाटकाने वसंतसेना मराठी रंगभूमीची झालेली आहे, आणि तिलाही शेवटी राजाज्ञेनेच वधूपद मिळते. साम्य खरे आहे. तरी एक भेद मोलाचा वाटतो. वसंतसेना चारुदत्ताच्या गुणांनी जिंकली गेलेली आहे आणि तिचा आधार अनुराग हा आहे. छुनह्यांग अधिकाऱ्यासमोर अनुरागाचे नावही काढीत नाही. ‘मी विवाहिता आहे’, एवढेच ती म्हणते. किसेंगच्या पोरीला कसले आले पातिव्रत्य, असे तो हिणवतो. त्यावर ती जे उत्तर देते ते प्रेमिकेचे नसून वादपटूचे आहे. एकनिष्ठेला उच्चनीच नसते, हे सांगून ती त्यालाच विचारते की, राज्यावर संकट आले तर आपण दुसऱ्या राजाच्या सेवेत जाल काय? सेवकाची स्वामिनिष्ठा आणि स्त्रीची पतिनिष्ठा ही एकाच तत्त्वाची दोन रूपे, हे त्या राज्यव्यवस्थेचे मूळ सूत्र होते. ते सूत्र तिने अधिकाऱ्याच्याच गळ्यात अडकविले. फटके बसतात ते ह्या प्रश्नामुळे. प्रत्येक फटक्याच्या अंकावर कोटी करीत ती जे गाते, ते पानसोरीतील सर्वांत प्रसिद्ध गीतांपैकी एक आहे.

मात्र ह्याच कथेच्या पाठभेदांत एक अस्वस्थ करणारी गोष्ट आढळते. काही पाठांत छुनह्यांग उघडउघड किसेंग आहे. असे काही पाठ आहेत की ज्यांत ती मोंगन्योंगकडून ‘तुला विसरणार नाही’ असा लेखी करार करून घेते. हे शहाणपण अनुभवातून आलेले होते. क्वॉन पिल (१५६९–१६१२) ह्याच्या ‘जू-सेंग’ ह्या १५९३ च्या कथेत बेदो ही किसेंगही अशीच लेखी शपथ मागते, आणि नायक पुढे कुलीन मुलीच्या मागे लागून तिला दगा देतो. जॉन्जूच्या प्रसिद्ध मुद्रित आवृत्तीत मात्र छुनह्यांग सॉंग आडनावाच्या उच्चपदस्थ अधिकाऱ्याची मुलगी झाली आहे. तिचे नाव किसेंगच्या दफ्तरात नाही, आणि तो करारही नाही. नायिकेचे कुळ वर चढले तसा तिच्या हातातला कागद गेला. कुलीन स्त्रीला कराराची गरज नसते, तिने विश्वास ठेवावयाचा असतो.

हा बदल का झाला असावा? श्रोत्यांत यांगबानांची संख्या वाढली, त्यांच्या अभिरुचीनुसार गायकांनी कथा घासूनपुसून घेतली, हे एक उत्तर. ते मला पुरेसे वाटत नाही. सद्गुण हा रक्तात असावा लागतो ही समजूत खालच्या श्रोत्यांच्याही मनात खोलवर रुजलेली होती. हीनकुलीन मुलगी इतकी धैर्यशील कशी, ह्या कोड्याचे सोपे उत्तर त्यांनाही हवे होते. ‘तिचा बाप मोठा होता’ असे एकदा सांगितले की कोडे सुटते, आणि त्याबरोबर कथेतील स्फोटकही निकामी होते. ‘एकनिष्ठेला उच्चनीच नाही’ असे म्हणणारीला आपण हळूच उच्च करून टाकतो. पाठभेदांचा इतिहास म्हणजे समाजाच्या भीतीचाही इतिहास असतो, तो असा.

विनोदाच्या अंगानेही हेच दिसते. राजधानीला निघताना मोंगन्योंग एक युक्ती काढतो: पूर्वजांच्या नामपट्टिका आपण अस्तनीत लपवू आणि त्यांच्या पालखीत छुनह्यांगला बसवून नेऊ. श्रोते हसत असणार. पण हसता हसता त्यांना कळत असणार की, तिला ह्या घरात न्यायचे तर पूर्वजांना त्यांच्या जागेवरून उठवावे लागेल. हे त्या मुलाच्याने होत नाही. छुनह्यांगही त्याला तसे करू देत नाही.

५

शेवटच्या प्रसंगाविषयी मला विशेष तक्रार आहे. निरीक्षक म्हणून अधिकारपदावर बसलेला मोंगन्योंग आपली ओळख न देता छुनह्यांगला विचारतो, “त्या अधिकाऱ्याला नकार दिलास, आता माझी सेवा करशील का?” ती पुन्हा नकार देते, मरण मागते आणि मगच तो स्वतःला प्रकट करतो. परंपरागत श्रोत्याला ह्यात गंमत वाटते. मला वाटते की जुलमी अधिकाऱ्याने विचारलेला आणि प्रियकराने विचारलेला प्रश्न शब्दशः एकच आहे. बेड्यांतील स्त्रीची निष्ठा पारखण्याचा अधिकार दोघांनीही एकाच आसनावरून वापरला. आसनाला मात्र धक्का लागलेला नाही. ज्या निरीक्षकाने मेजवानीत कविता लिहून, ही पक्वान्ने प्रजेच्या रक्तमांसाची आहेत असे बजावले, त्याच्याही ध्यानात हे आलेले दिसत नाही.

येथे माझ्या मताविरुद्ध एक सबळ आक्षेप येऊ शकतो. आजचे स्त्रीवादी निकष अठराव्या शतकातील लोककथेवर लादणे हे अनैतिहासिक आहे. त्या काळी किसेंगच्या मुलीने पातिव्रत्याचा दावा करणे हीच क्रांती होती, असे कुणी म्हणेल. आक्षेपाचा उत्तरार्ध मला पूर्ण मान्य आहे, किंबहुना तोच ह्या लेखाचा गाभा आहे. परंतु क्रांतीचीही किंमत मोजावी लागते, ती लपवून का ठेवावी? छुनह्यांगने जो मापदंड हाती घेतला, त्याच मापदंडाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेच्या मुलांची दारे बंद केली होती. पातिव्रत्य सर्वांचे आहे असे म्हणताना पातिव्रत्यावाचून स्त्रीला प्रतिष्ठा नाही हेही मान्य केले जाते. १८९४ च्या सुधारणांनी श्रेणीभेद आणि दास्य कायद्याने रद्द केले आणि विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली, तेव्हा ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या हा योगायोग नव्हे. त्या दोन बेड्या एकाच भट्टीत घडलेल्या होत्या.

सहानुभूतीच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. ‘उन्यॉंगजॉन’मध्ये दासीच्या मनुष्यत्वाची इतकी तेजस्वी वकिली आहे. पण किमचा दास तुक, ज्याने भिंत चढण्यासाठी घडीची शिडी आणि पावलांचा आवाज होऊ नये म्हणून केसाळ मोजे करून दिले, तो मात्र लोभी, कपटी, विश्वासघातकी असा ठोकळेबाज खलपुरुष आहे. काव्य जाणणाऱ्या दासीला मन आहे, शिडी करणाऱ्या दासाला ते नाही. आणि बॅकजोंग? गावकुसाबाहेर राहणाऱ्या त्या लोकांतील मुलीला ह्या सुप्रसिद्ध प्रेमकथांपैकी एकीतही नायिकेचे स्थान नाही. त्यांना आपला आवाज मिळाला तो कथेत नव्हे, तर १९२३ साली जिन्जू येथे उभ्या राहिलेल्या ‘ह्यॉंगप्यॉंगसा’ ह्या संघटनेत, आणि तो त्यांनी स्वतः मिळविला. प्रेमकथा कुणाला नायक होऊ देते ह्याइतकेच कुणाला प्रेमात पडूच देत नाही, हेही मोजले पाहिजे.

ह्याच कारणासाठी यांगबान-चॉनमिन ह्यांचे आपल्या जातींशी सरळ समीकरण मांडू नये असे मी म्हणतो. यांगबानपण जन्माने येई, पण परीक्षेतील यशाने ते टिकवावे लागे, आणि उत्तरकाळी ते पैशाने विकतही घेतले जाई. पाक जी-वॉन (१७३७–१८०५) ह्याने ‘यांगबानजॉन’ ह्या उपहासकथेत त्याचाच बाजार मांडला आहे. समीकरण मांडल्याने दोन्ही बाजूंचे वैशिष्ट्य पुसले जाते आणि हाती उरते ती ‘सर्वत्र असेच असते’ ही निरुपद्रवी समजूत. तुलनेने आपल्याला अधिक अस्वस्थ करावे, दिलासा देऊ नये.

६

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे परत येतो. तिने वाट पाहिली नसती तर? कथेच्या चौकटीत उत्तर स्पष्ट आहे: मग तो जुलूम ठरला नसता. तो नित्याचा व्यवहार ठरला असता आणि त्यावर कुणी पानसोरी गायली नसती. नामवॉनमध्ये छुनह्यांगच्या नावाने १९३१ पासून उत्सव भरत आला आहे. तो एकनिष्ठ छुनह्यांगचा उत्सव आहे. ज्या किसेंगांनी निमूटपणे हुकूम पाळला, ज्यांचा कुणी मोंगन्योंग नव्हता किंवा होता तो परत आला नाही, त्यांचा उत्सव नाही. त्यांच्यावर झाले ते अन्यायच होते, हे कथा सांगत नाही. वाचकालाच ते म्हणावे लागते.

मात्र ते म्हणण्याचे बळ कोठून येते, तर पुन्हा ह्या कथांतूनच. उनसॉमच्या जबानीतील ‘उच्चनीच नाही’ हे वाक्य, हिशेबनिसाच्या मुलीच्या तीन खंती आणि बेड्यांतील मुलीने अधिकाऱ्याला विचारलेला प्रतिप्रश्न ही एकाच मागणीची तीन रूपे आहेत. त्या मागणीला मिळालेली उत्तरे अपुरी होती: एकीला गळफास, एकीला परीक्षेचे तात्पर्य, एकीला पदवी. उत्तरे अपुरी म्हणून मागणी अपुरी ठरत नाही. ‘प्रेमाचा विजय’ हे तात्पर्य मी वर्गात पुन्हा सांगणार नाही. त्याऐवजी तिन्ही कथा एकत्र वाचावयास देईन, छुनह्यांगचे दोन भिन्न पाठ शेजारी ठेवीन आणि करार कोठे गेला एवढेच विचारीन. त्या विद्यार्थिनीने विचारला होता तसा प्रश्न आणखी कुणी विचारला, तर ह्या वेळी घंटेची वाट पाहणार नाही.